हिराताई फळी निवडतात

पहिल्या भेटीत हिराताईंनी मला मागून ढकललं. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकवलेल्या रंगीत फळ्या बघत मी उभी होते, आणि पाठीत दोन्ही तळव्यांचा असा दणका बसला की खांद्यावरची पत्रकांची थैली समोरच्या स्कूटरवर जाऊन आपटली. पडता पडता सावरले. शिवी हासडायला वळले, तर पन्नाशीची, बारीक केस कापलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई माझ्या पायांकडे बघत होती.

"उजवा," त्या म्हणाल्या. "तुझा उजवा आधी पुढे येतो. फळीवर उजवाच पुढे बांधायचा. विचारलं असतं तर काहीतरी ठोकून दिलं असतंस. ढकलल्यावर कुणी खोटं बोलत नाही."

मी खरं तर त्यांच्याशी भांडायला गेले होते. स्नोबोर्ड! ज्या बडोद्यात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो, तिथल्या पोरांना मनालीला नेऊन, दोन्ही पाय एका फळीला जखडून डोंगरावरून सोडायचं! बाजार खुला झाल्यापासून हे नवे चोचले सुरू झालेत, असं पत्रक मी लिहून, छापून, थैलीत भरून नेलं होतं. हिराताईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. "भाषा बरी आहे," म्हणाल्या. "पण तू कधी बर्फावर आपटली नाहीस. आधी आपट, मग लिही." त्या जानेवारीत मी त्यांच्याबरोबर मनालीला होते. आपटले. पत्रक बदललं.

हिराताई मोहिते. पूर्वज गायकवाडी फौजेत घोडेस्वार. "तलवारी गेल्या, आवाज तेवढा राहिला," असं त्या स्वतःच सांगायच्या. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. तरुणपणी हिमाचलात गिर्यारोहण शिकलेल्या, तिथेच एका परदेशी पोराकडून फळीवर उभं राहायला शिकल्या आणि मग दर हिवाळ्यात बडोद्याची मुलं घेऊन जाऊ लागल्या. मनालीतून परतणाऱ्या गोऱ्यांनी टाकलेल्या, कॅनडाच्या भाच्याने आणलेल्या अशा लहानमोठ्या फळ्या त्यांनी जमवल्या होत्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मापाचा मिळाला नाही."

माप हा त्यांचा धर्म होता. पस्तीवाल्याकडून, म्हणजे आपल्या रद्दीवाल्याकडून, आणलेल्या काट्यावर आधी प्रत्येक मूल उभं राहायचं. "उंची शिंप्याला सांग, मला वजन हवं. फळीला तुझं डोकं कुठे आहे ते कळत नाही, तिच्यावर भार किती ते कळतं." मग बूट. बुटाची टोकं फळीबाहेर फार आली की वळताना बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर जातो. हे समजावताना त्या समोरच्याचं तोंड खरंच धरून खाली दाबायच्या. शिकणाऱ्याला आखूड फळी द्यायच्या, कारण ती वळते. लांब फळी वेगात सरळ जाते. "आणि सरळ कोण जातं? ज्याला वळता येतं तो. ज्याला वळता येत नाही तो नुसता जातो."

त्यांचा खरा शत्रू मात्र वेगळाच होता, आणि तो आपल्या घराघरात आहे. पार्किंगमध्ये येणारी प्रत्येक आई तेच म्हणायची, "हिराबेन, थोडी मोठी द्या ना. वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही चालेल." युनिफॉर्म मोठा, बूट मोठे, सायकल मोठी, तशीच फळी. हे ऐकलं की हिराताईंच्या कपाळावरची शीर उभी राहायची. "फ्रॉक मोठा झाला तर पोरीचं हसू होतं," त्या ओरडायच्या. "फळी मोठी झाली तर पोरगी मरते! वाढेल तेव्हा वाढेल. उतरायचंय आज!" आया दुखावून निघून जायच्या. सोसायटीचे चेअरमन तक्रार करायचे. हिराताईंना फरक पडत नव्हता.

मग निजामपुऱ्यात एका टूरवाल्याने काचेचा दरवाजा लावून ऑफिस थाटलं. बाहेरून जुन्या फळ्यांचा लॉट आणला. सगळ्या एकाच मापाच्या, धिप्पाड पुरुषांसाठी केलेल्या. हिराताईंच्या निम्म्या भावात त्याने शाळांना सहल विकायला सुरुवात केली. आणि विकताना काय सांगायचा? "वाढत्या अंगाच्या आहेत!" आईबाप खूश.

त्या हिवाळ्यात दोन्ही गट एकाच उतारावर होते. त्याच्या गटात रूपल नावाची मुलगी होती. आठवीतली, काडीसारखी. तिची फळी तिच्या डोक्याच्या वर जात होती. हिराताईंनी खालून पाहिलं आणि शिट्टी फुंकत, हात हलवत वर धावत सुटल्या. "बसव तिला! खाली बसव!" त्याच्या माणसाने तोवर तिला सोडलं होतं. रूपल वळण्यासाठी अंग पिळत होती, पण फळीला ती जाणवतच नव्हती. मॅगीच्या टपरीचा लोखंडी खांब मध्ये आला. तो आवाज मी लिहू शकत नाही. नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं आणि बर्फावरचं रक्त वाफाळत होतं.

हिराताईंनी पट्टे सोडले, मोडकी काठी लावून पाय बांधला, मुलीला गाडीत चढवलं. मग शांतपणे चहाच्या टपरीत गेल्या आणि तिला सोडणाऱ्या त्या माणसाला बुटाने बडवलं. माणसाला मारतात तसं नव्हे, सतरंजी झटकतात तसं. चौघांनी मिळून त्यांना मागे ओढलं.

बडोद्याला परतल्यावर आम्ही दोघी त्या काचेच्या ऑफिसात गेलो. टूरवाल्याने थम्सअप मागवलं. "हिराबेन, बरफमां तो बधा पडे ज," म्हणाला. बर्फात सगळे पडतातच म्हणे! मग आवाज खाली आणून मराठीत, "पुढच्या वर्षी मांजलपूरची एक अख्खी शाळा घेतोय. तुम्हीही या. तुमचं नाव मोठं, माझा माल मोठा."

"माल मोठा आहे हेच तर मी बोंबलतेय, मूर्खा," हिराताई म्हणाल्या आणि बाटली न उघडता उठल्या.

त्या शाळेत पालकांची सभा होती, तिथे मी दारात उभी राहून पत्रकं वाटली. चार पानं, ठळक अक्षरात सगळं लिहिलेलं. हॉलमध्ये उकडत होतं. पालक माझ्या पत्रकांनी वारा घेत होते. मंचावर टूरवाला एक फळी हातात धरून बोलत होता, आणि "वाढत्या अंगाची" म्हटल्यावर पुढच्या रांगांतल्या आया समजूतदारपणे माना हलवत होत्या. माझ्या अंगाची आग झाली. ही मुलं येत्या जानेवारीत त्याच उतारावर जाणार होती.

हिराताई मंचावर चढल्या. "पायात बांधून दाखव," त्याला म्हणाल्या. "मुलांना बांधणार आहेस ना?" तो हसला. शरीराने किरकोळ माणूस, पण इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? दोन्ही पाय आवळून घेतले. "आता वळ." त्याने कंबर हलवली, हात फिरवले. फळी ढिम्म. लोक हसले, तोही हसला. मंचाच्या कडेला खुर्च्या चढवण्यासाठी लाकडी उतार होता, गुळगुळीत झालेला. हिराताई त्याच्या मागे गेल्या.

मला कळलं. मी ओरडू शकले असते. ओरडले नाही, आणि आजही ओरडणार नाही.

त्यांनी ढकललं. फळी उतारावरून सुटली, टूरवाला हात पसरून तिच्यावर उभाच्या उभा, आणि पहिल्या रांगेच्या टोकाच्या रिकाम्या लोखंडी खुर्च्यांवर तोंड आपटलं. खुर्च्या कोसळल्या. उठला तेव्हा शर्टावर रक्त होतं आणि पुढचा दात जमिनीवर.

"एवढा घोडा झालेला माणूस," हिराताई मंचावरून गरजल्या, "याला वळता आलं नाही! तुमच्या कुणाची पोर चढवता यावर? बोला!"

कुणीतरी पोलीस, पोलीस ओरडलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. रूपलचे वडील, सभेचं ऐकून आलेले. शेजारी रूपल, पायात लोखंडी पट्ट्या. ते फार हळू बोलले, पण सगळ्यांनी ऐकलं. "मोठी फळी मीच मागितली होती. म्हटलं, दोन वर्षं चालेल."

हातातली पत्रकं हलायची थांबली. एक बाई उठली, मुलाचा दंड धरून बाहेर पडली. मग दुसरी. ती सहल झालीच नाही.

केस हिराताईंवर झाली, त्याच्यावर नाही. हा आपला न्याय! पी.टी.च्या नोकरीवरून शाळेने त्यांना काढलं, एकाही शाळेने त्यांच्याबरोबर मुलं पाठवली नाहीत. त्या पुन्हा बर्फावर गेल्या नाहीत. कोर्टात साहेबांनी विचारलं, "तुम्ही फिर्यादीला ढकललंत?"

"ढकललं. त्याचे पाय बांधलेले होते म्हणून, नाहीतर कुठला आधी येतो तेही सांगितलं असतं."

माफी मागा, प्रकरण मिटेल, असं वकील शेवटपर्यंत सांगत राहिला. त्यांनी मागितली नाही. प्रकरण चालू असतानाच एका सकाळी, पार्किंगमध्ये फळ्यांना मेण लावता लावता, त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत.

तेराव्यानंतर फळ्यांचं काय करायचं म्हणून आम्ही तिथे जमलो. रूपलही आली होती, आता कॉलेजात जाणारी, किंचित लंगडणारी. फळ्यांवरची धूळ पुसून ती त्या मापाने लावत होती. सोसायटीतली एक आई मुलीला घेऊन उगाच बघायला आली. मुलीने विचारलं, "दीदी, यातली माझी कुठली?"

"ती मोठी बघ," आई म्हणाली. "वाढतं अंग आहे."

रूपलने फडकं खाली ठेवलं. लंगडत त्या बाईच्या मागे गेली आणि दोन्ही तळव्यांनी तिला जोरात ढकललं.

"डावा," रूपल म्हणाली. "आता मुलीला काट्यावर उभी करा."