धामणीची दांडी

जनूसारखा चिकट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी बैल जुंपून ताटकळत उभा, आणि हा बाबा मांडीवर पट्टी घेऊन एकेका पात्याला कानस लावतोय. "थांब रे गोविंदा, अजून दोन राह्यलीत." माझ्या डोक्याचा नुसता भुगा व्हायचा.

आमच्या शेठचे रोह्याकडे गवताचे माळ होते. नवरात्र सरलं की कापणी, मग गाठी बांधून माल मुंबईच्या तबेल्यांना. अठ्ठावन्न साली शेठने लष्कराच्या लिलावातून गवत कापायचं जुनं यंत्र आणलं. दोन लोखंडी चाकं, वर बसायला बैठक, बाजूला जमिनीलगत तीन हात लांब पट्टी आणि पट्टीवर तिकोनी पाती. बैल चालले की पट्टी सरसर मागेपुढे व्हायची. हाकायला मी, दुरुस्तीला जनू. तो गडब गावचा, आधी भाताच्या गिरणीत होता. त्याची बायको हौसा म्हणायची, "माझ्या केसांना नाय एवढं तेल त्या मेल्या लोखंडाला पाजतात!"

चाकांचा जोर पट्टीला पोचवायला मध्ये एक लाकडी दांडी होती. पट्टीत दगड अडकला की ती काडकन मोडायची. मग जनू धामणीचं लाकूड आणून तासत बसायचा, अर्धा दिवस खलास. मी एकदा भडकलोच. "लोखंडाची घाल की एकदाची! आयुष्यभर लाकूड तासणार काय?"

"ती मोडायलाच ठेवलीय रे," जनू म्हणाला. "ती मोडते म्हणून मागची दातेरी चाकांची बिडाची पेटी वाचते. पेटी फुटली तर कुठं मिळणार हाय? यंत्र गेलं की माझी भाकर गेली."

ऐकलं मी. पण कानामागे टाकलं.

त्या कार्तिकात जनू तापाने घरी पडला होता. सकाळी एक दांडी मोडली, दुपारी दुसरी, शिल्लक एकही नाही. ट्रकवाला गाठींसाठी खोळंबलेला. मी तडक लोहाराकडून लोखंडी दांडी घडवून आणली आणि स्वतःच्या हाताने बसवली. दीड दिवस यंत्र असं चाललं म्हणता! मी बैठकीवर मिशीला पीळ देत होतो. तिसऱ्या दिवशी गवतात हद्दीचा दगड लागला. दांडी शाबूत राहिली आणि पेटी मधोमध फुटली.

नेमका त्याच दुपारी जनू ताप उतरला म्हणून आला. त्याने पेटीच्या फटीवरून बोट फिरवलं आणि खालीच बसला. मागोमाग शेठ आले. "ही लोखंडी दांडी कुणी घातली?"

जनूने माझ्याकडे पाहिलं. मी बैलाच्या मानेची दोरी सोडायला लागलो. ती सुटलेलीच होती.

"मीच सांगून ठेवलं होतं घालायला," जनू म्हणाला.

शेठ वाटेल ते बोलले. सगळ्या मजुरांसमोर बोलले आणि त्याला हाकलून दिला. एस्टीच्या थांब्यापर्यंत मी त्याच्या मागे गेलो. म्हटलं, "जनू, असं का रे केलंस?"

"यंत्र मेलं, माझं काम गेलंच. तुझं कशाला घालवू? तुझी चंद्रावती पोटुशी हाय."

पण जनूचं कामच तेवढं गेलं नाही. शेठने पेणपासून रोह्यापर्यंत गिरणीवाल्यांना सांगून ठेवलं, की या माणसाने माझं यंत्र फोडलं. जो हात कुणाच्या यंत्राला कधी वाकडा लागला नाही, त्याला कुणी पाना धरू देईना. तो मिठागरात टोपल्या वाहायला लागला.

महिन्याने मी गडबला गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो, शपथ. हौसावहिनीने चहा पुढे ठेवला आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. "भावजी, यांना तापात भ्रम झाला असंल. पण तुमी तर तिथं होतात ना? अडवायचं होतंत की हो!"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात जनू आतून म्हणाला, "त्याने अडवलं होतं गो. मीच ऐकलं नाय."

हौसावहिनीने डोळे पुसले आणि माझ्या बशीत आणखी चहा ओतला. मी तो प्यालो.