ग्रिल काढलेली खिडकी

सुलेखा आगाशे मुळातच भित्री. लिफ्ट अडकली तर, कुत्रं अंगावर आलं तर, असल्या धास्तीतच तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या नोकरीमुळे ती पुण्याहून सिंगापूरला आली. मुलगी शाळेत रुळल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊन समाजकार्य शिकली आणि हौगांगमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात लागली. तेव्हा शैलेंद्र हसलाच. "तू? परक्यांच्या घरी एकटी जाणार?"

ती जात होती. म्हातारी माणसं औषधं घेतात का, जेवतात का, न्हाणीत धरायला दांडा आहे का ते बघायचं. नर्स, डे केअर, घरपोच डबा यांची सोय लावायची. दार ठोठावल्यावर आतून चाहूल लागेपर्यंत मात्र दरवेळी ती दोन पावलं मागे सरकून उभी राहायची.

२०१६ साली चारुदत्त प्रधानांचं घर तिच्याकडे आलं, कारण केंद्रात मराठी बोलणारी ती एकटीच. जहाज कंपनीतून निवृत्त झालेले चारुदत्तकाका बायकोचं, नीताकाकूंचं, सगळं एकहाती करत. काकूंना स्मृतिभ्रंश होता. इंग्रजी, हिंदी पार पुसून गेलं होतं. उरली होती तुटकी मराठी. एकुलती लेक गार्गी मेलबर्नला. मदतीचं नाव काढलं की काका म्हणत, "अहो, माझीच बायको आहे. तिचं करायला परकं माणूस कशाला?"

एके दिवशी दुपारी सुलेखा गेली तर घर लख्ख आवरलेलं. काकूंना ठेवणीतली साडी नेसवलेली. काकांची दाढी गुळगुळीत, आणि चेहरा इतका शांत की तिने तो तसा कधी पाहिलाच नव्हता. तिला आधी बरं वाटलं. मग चहा घेताना गालाला भसकन वारा लागला. तिने वळून पाहिलं. बाराव्या मजल्यावरच्या त्या खिडकीला ग्रिल नव्हतं. ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं, स्क्रू वाटीत नीट जमा केलेले.

"काका, ग्रिल का काढलंत?"

"हवा येत नव्हती."

"काकू घरभर फिरतात. तोल गेला तर?"

"मी आहे ना तिच्याबरोबर," काका म्हणाले. "असणारच आहे."

सुलेखाने कप खाली ठेवला. अशा वेळी आडून बोलायचं नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. हे तिला पाठ होतं, पण ती वाटीतले स्क्रूच मोजत राहिली. शंका खोटी निघाली तर? आणि खरी निघाली तर?

तेवढ्यात काकू उठल्या आणि पदर चाळवत खिडकीकडे निघाल्या. सुलेखाने धडपडत त्यांचा हात धरला, त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्वतः खिडकीला पाठ लावून उभी राहिली. मानेवर वारा लागत होता.

"काका, तुम्ही दोघांचा जीव संपवायचा विचार करताय का?"

काका नाही म्हणाले नाहीत. त्यांनी हातातला कप बाजूला सारला.

"परवा छातीत कळ आली," ते म्हणाले. "मी आधी गेलो तर ही कुणाच्या हाती पडेल? ही 'पाणी' म्हणाली तरी इथे कुणाला कळायचं नाही."

"मला कळतं ना," सुलेखा म्हणाली. "मी इथून हलणार नाही. पण हे मी लपवूही शकत नाही. तुमच्यासमोरच फोन करते."

"गार्गीला नको. पाया पडतो तुमच्या."

तिने केला. आधी केंद्राला, मग गार्गीला. माणसं येईपर्यंत ती खिडकीपाशीच उभी होती. मध्येच काका उठले तेव्हा तिने दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली. ते काकूंच्या खांद्यावरचा पदर सारखा करायला उठले होते.

काकांवर रुग्णालयात उपचार झाले, छातीचेही आणि मनाचेही. गार्गी धावत आली. ग्रिल बसलं. काकू दिवसभर केंद्रात राहू लागल्या. 'पाणी', 'दुखतंय', 'घरी' हे शब्द सुलेखाने तिथे काम करणाऱ्या मुलींकडून घोकून घेतले. काका मात्र तिच्याशी बोलेनात. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेलीत," एवढंच म्हणाले होते. ती जात राहिली.

पुढे एका भेटीत त्यांनी आपणहून चहा केला.

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावरच करणार होतो," ते खाली बघत म्हणाले. "येऊ नका म्हटलं असतं तर तुम्हाला शंका आली असती. खिडकीवर पडदा ओढायचा तेवढा राहून गेला."

सुलेखा खाली आली आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बाकावर बसली. शेजारी दोन आजोबा पटावर सोंगट्या हलवत होते. ज्या ज्या घरातून ती निर्धास्त मनाने बाहेर पडली होती, ती घरं एकेक करून डोळ्यांपुढे येत होती, पडदे ओढलेली. पुढच्या भेटीची वेळ होऊन गेली तरी तिला उठवेना. मग ती उठली आणि पुढच्या घरी जायला लिफ्टकडे जवळजवळ धावतच निघाली.