नावाचा राजीनामा

देगलूरकरांच्या घराण्यात आजोबांनी वेळेवर जाण्याची पद्धत होती. नातू जन्माला येण्याआधी आजोबा जात आणि त्यांचं नाव नातवाला मिळे. धुंडिराजाचा मुलगा श्रीनिवास, श्रीनिवासाचा मुलगा पुन्हा धुंडिराज, असं सहा पिढ्या बिनचूक चाललं. एक धुंडिराज पटकीनं गेले. एक श्रीनिवास विहिरीला पाणी किती आलं ते बघायला वाकले, पण ते सांगायला वर आले नाहीत. अगदी अलीकडचे श्रीनिवासराव सत्त्याऐंशी साली, निवृत्तीला तीन आठवडे असताना, कचेरीच्या खुर्चीतच गेले आणि दोन महिन्यांत घरात नवा श्रीनिवास रडू लागला. एक जागा रिकामी, एक भरती.

ही शिस्त मोडली ती धुंडिराज श्रीनिवास देगलूरकर यांनी. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम सिकंदराबादेतलं तारनाका. रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात चार किलोमीटर चालतात, रक्तदाबाची अर्धी गोळी घेतात आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन येतात. तो देताना त्यांना कधी अपराधी वाटलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात त्यांना नातू झाला, तेव्हा वाटलं.

सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीत ते आस्थापना विभागात होते. कोण कधी लागला, कोण कधी निवृत्त होणार, कुणाच्या जागी कोण, हे त्यांना तोंडपाठ असे. मी बी.कॉम. होऊन त्यांच्या हाताखाली लागलो तो एकोणनव्वद साली, आणि आता माझीच निवृत्ती आठ महिन्यांवर आली आहे. कुणी गेला की देगलूरकरसाहेब आधी हार घेऊन जात, मयताच्या घरी मनापासून डोळे पुसत आणि परतताना रिक्षात पुढचं नाव सांगत. त्यात दुष्टपणा नव्हता. माणूस जातो, पद राहतं, यावर त्यांची श्रद्धा होती. देवावर होती तितकीच, कदाचित थोडी जास्त.

तर नातू झाला. सून दीपालीचं माहेर सिकंदराबादेतच, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बाळंतपण सासरीच केलं. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. साहेबांना एवढंच हवं होतं की पाळण्यात धुंडिराज हे नाव पडावं. अडचण एकच होती. हयात माणसाचं नाव घरातल्या बाळाला ठेवत नाहीत, आणि साहेब चांगलेच हयात होते.

दीपालीनं नावांची यादी मोबाइलवर केली होती. तिचा आग्रह होता की नाव दुर्मीळ पाहिजे. त्यालाही कारण होतं. साहेबांची मुलगी सुप्रिया शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहते. तिनं मुलाचं नाव अद्विक ठेवलं, अर्थ एकमेव म्हणून. शाळेत गेल्यावर कळलं की वर्गात चार एकमेव आहेत, आणि खालच्या मजल्यावरचा एकमेव तर तिच्या एकमेवाला रोज मारतो.

साहेबांनी इथे संधी साधली. दीपाली ज्या संकेतस्थळावर नावं बघत होती, तिथेच त्यांनी स्वतःचं नाव शोधून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. धुंडिराज. अर्थ, काशीतला गणपती. मूळ, संस्कृत. लोकप्रियता, अत्यंत दुर्मीळ. हे नाव आवडलेले लोक, दोन. त्यातला एक आवडणारा म्हणजे साहेब स्वतः. अंगठ्यानं बटण दाबल्याची त्यांनी कबुली दिली. दुसरा कोण, याचा त्यांनी दोन दिवस तपास केला. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी नाही. इतक्या तत्परतेनं म्हणाला की साहेबांना ते लागलं.

दुर्मीळपणाच्या मुद्द्यावर दीपाली हरली होती. पण ती वकिलाची मुलगी. तिनं डोक्यावरून पदर घेतल्यासारखा चेहरा केला आणि सांगितलं की बाबा, नाव छानच आहे, पण तुम्ही आम्हाला शंभर वर्षं हवे आहात. जिवंतपणी तुमचं नाव ठेवून मला पाप नको. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या नावापासून सुटका हवी होती, ते नाव टाळण्यासाठी साऱ्या घरानं साहेबांना दीर्घायुष्य चिंतलं. साहेबांना वाद घालता येईना. स्वतःच्या मरणाच्या बाजूनं बोलायचं तरी किती?

ते गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणाले, शास्त्रात एक सोय आहे. संन्यास घ्या. संन्यासी स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो, जुनं नाव टाकतो, संसाराच्या हिशेबानं गेल्यातच जमा. साहेबांनी अटी विचारल्या. घर सोडायचं, हे ठीक. शेंडी उतरवायची, तिथे उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिक्षा मागायची, त्यालाही त्यांची तयारी होती, तारनाक्यात ओळखीची घरं खूप. पण दुपारी चारचा बायकोच्या, म्हणजे आमच्या सरोजवहिनींच्या, हातचा चहा घेता येणार नाही, असं कळल्यावर त्यांनी गुरुजींना दक्षिणा दिली आणि परत आले.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कोरे कागद, टाचण्या आणि कार्बन पेपर. कार्बन पेपर त्यांनी कुठून आणला, हे विचारायचं मी टाळलं. ते म्हणाले की आपण उगाच मरणाच्या मागे लागलो होतो. जागा रिकामी व्हायला माणूस मरावाच लागतो असं नाही. तो राजीनामा देऊ शकतो.

सरकारी कागदांवर नाव तसंच राहील, कारण ते बदलायला गेलं तर चौदा दाखले बदलावे लागतील आणि त्यात खरंच मरण येईल. घरापुरतं मात्र ते नाव सोडतील. नंतर त्यांना काय म्हणायचं? पदनामावर भागेल, ते म्हणाले. बाबा, आजोबा, अहो.

मी मसुदा केला. विषय, नावाचा राजीनामा. संदर्भ, नातू, जन्म दिनांक चार. मी खाली सही करणार या नावावर चौऱ्याहत्तर वर्षे कार्यरत असून, नातवाच्या सोयीसाठी ते बारशाच्या दिवसापासून स्वखुशीने मोकळे करीत आहे. त्यासोबत चार्ज दिल्याचा कागद हवाच, असा साहेबांचा हट्ट. सोपवलेली वस्तू, नाव एक. स्थिती, उत्तम. पुढचा रकाना होता वापराचा. सध्या वापर कोण करतं ते लिहा, म्हणजे नव्या माणसाला कळेल, असं ते म्हणाले, आणि आम्ही आठवू लागलो.

कचेरीत ते डी. एस. साहेब. अपार्टमेंटचा तेलुगू वॉचमन त्यांना राजुगारू, म्हणजे राजूसाहेब, म्हणतो. भाजीवाल्याचे ते साब. मुलांचे बाबा, पुतण्यांचे काका. बँकेत टोकन नंबर. कुरिअरवाला तेवढा खालून पूर्ण नाव ओरडतो, पण तो दर वेळी नवा असतो. त्यांची आई त्यांना धुंडू म्हणायची, तिला जाऊन एकतीस वर्षं झाली. साहेबांनी पेन उघडलं. मग त्यांनी लिहिलं, वापर नाही.

त्यानंतर ते वंशावळीबद्दल बोलले नाहीत. सहा पिढ्या वगैरे सगळं बाजूला पडलं. नाव घरात कुणी तरी हाक मारायला हवं, एवढंच म्हणाले. नुसतं लिहून काय उपयोग.

राजीनामा मंजूर कोण करणार, हा पुढचा प्रश्न. श्रीनिवासाला कागद दाखवला तर त्याला मराठी वाचायला इतका वेळ लागला की साहेबांनी तो परत काढून घेतला. शिवाय मुलगा हाताखालचा. घरात त्यांच्यावर एकच अधिकारी होता. अकराव्या दिवशी संध्याकाळी, बाळाच्या टोपीला लेस लावत बसलेल्या सरोजवहिनींसमोर त्यांनी दोन्ही कागद ठेवले. दीपाली बाळाला घेऊन तिथेच होती. मी साक्षीदार म्हणून, हातात भजी.

वहिनींनी चष्मा चढवला आणि कागद शेवटपर्यंत वाचले. मग विचारलं, "हे मंजूर केलं तर उद्यापासून हे नाव तुमचं नाही?"

"घरापुरतं नाही," साहेब म्हणाले.

"म्हणजे मला घेता येईल."

साहेबांना आधी कळलं नाही. मलाही नाही. वहिनींनी सुई टोपीत खोचून ठेवली.

"एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला. एक लग्नातला उखाणा, दोन मंगळागौरीतले, एक तुमच्या साठीचा. चार वेळा घेतलंय मी तुमचं नाव, तेही यमक जुळवून. रेशनकार्डवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीकडे बघायचे मी. तुमच्या आईनं शिकवलं, नवऱ्याचं नाव घेतलं की आयुष्य कमी होतं. मी नाही घेतलं म्हणून तर तुम्ही चौऱ्याहत्तर झालात, आणि आता सगळं घर माझ्याच नावानं बोटं मोडतंय."

"तुझ्या नावानं कोण मोडतंय," साहेब म्हणाले. "माझ्याच मोडतायत."

वहिनींनी बाळाकडे बोट केलं. "उद्या याचं नाव रेयांश ठेवाल, मी त्याला हाक मारीन. पण तुमचं नाव न घेताच मी जाईन ना वर. मला मोठ्यानं घ्यायचंय ते. रागावून घ्यायचंय. तुमच्यावर रागावताना काय मिळालं मला? अहो. अहो म्हणून कुणावर रागावता येतं का?"

मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि कागदावर मंजूर असं लिहून सही केली. साहेबांनी सवयीनं तारीख घालायला सांगितली. घातली.

आता सगळे दीपालीकडे बघू लागले. तिचा आक्षेप फक्त जिवंत माणसाच्या नावाला होता, आणि तो कागदोपत्री मिटला होता. ती बाळाला थोपटत राहिली. तिच्या मोबाइलवर यादी उघडीच होती. वरून चौथं रेयांश, त्याच्या खाली कियान. तिला धुंडिराज हे नाव अजून आवडलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि साहेबांनाही दिसत होतं. ते कागद गोळा करू लागले.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "माझी अट आहे. शाळेत जाऊन आला की हा रडत विचारेल, माझं असं नाव कुणी ठेवलं. मी नाही उत्तर देणार. श्रीनिवास तर आधीच म्हणेल, मी नाही. उत्तर तुम्ही द्यायचं. दहावीपर्यंत, कॉलेजपर्यंत. त्याच्या लग्नातसुद्धा, मुलीकडचे हसले तर. तोवर कुठे जायचं नाही."

साहेबांनी हिशेब केला असावा, कारण ओठ हलले. घराण्यात इतका काळ कुणी टिकलं नव्हतं. ते म्हणाले की हे लेखी नको, पण प्रयत्न करतो.

बारशाला सुप्रियाआत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, ते नेहमीपेक्षा जरा जोरात बसले असं तिचं म्हणणं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. दीपालीच्या माहेरच्या एका मावशीनं नाव दोनदा विचारलं आणि अर्थ सांगितल्यावर हात जोडले. गणपती म्हटल्यावर कुणाला काही बोलता येत नाही. सरोजवहिनींनी खास दिवसासाठी नवी नारायणपेठी नेसली होती. बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. दोन मिनिटांत बाळानं ती जरीच्या काठापासून पदरापर्यंत भिजवली.

"धुंड्या," वहिनी ओरडल्या, "लाज आहे का रे तुला काही?"

स्वयंपाकघरापर्यंत आवाज गेला. बायका बोलायच्या थांबल्या. वहिनींनी ते पुन्हा म्हटलं, जरा अधिक मोठ्यानं, आणि पुन्हा. कोपऱ्यातल्या सोफ्यावर जिलबी खात बसलेले साहेब ताट बाजूला ठेवून उठले आणि म्हणाले, काय गं?

"तुम्हाला नाही," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.