आधी सुई, मंग आरती

“सुई घेतली का? आधी सुई, मंग आरती.” नवरात्रात देवळाच्या पायरीवर बसून काकू मधुमेहाच्या बायांना अडवायच्या. आवाज नाकातून यायचा. पोरं नक्कल करायची. “करा रे,” काकू म्हणायच्या, “पण बराबर करा.”

पूर्वी हा आवाज असा नव्हता. तुमच्याही गावात एखादी बाई असेल, जिनं सूर धरल्याशिवाय आरती सुरूच होत नाही. पिंपळगाव रेणुकाईत त्या म्हणजे आमच्या शेजारच्या काकू.

एका नवरात्रात त्यांनी इन्सुलिन बंद केलं. रांजणाजवळ ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली तशीच राहिली. “उपासात सुई टोचली म्हंजे उपास मोडला की,” असं त्यांनी सुनेला सांगितलं. दसऱ्याला गाल सुजला, डावा डोळा उघडेना. मी तेव्हा जालन्यात कान-नाक-घशाच्या दवाखान्यात नर्स होते. त्यांना तिथंच आणलं. टाळूवर काळा डाग होता.

“बुरशी आहे. आजच औरंगाबादला न्या,” डॉक्टर म्हणाले.

“बुरशी भाकरीला येती. माणसाला कशी येईल?”

“साखर फार वाढली की नाकातून आत शिरते,” मी सांगितलं. “कुजलेलं कापून काढतील. टाळू जाईल, कदाचित डोळाही.”

“आन् आवाज?”

“बदलेल.”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “मंग न्हाई जायचं. देवीपुढं काय घेऊन उभी राहू?”

“आधी उभ्या तर राहा.” गोड बोलायला सवड नव्हती.

“लई तोंडाळ झालीस, पोरी,” त्या म्हणाल्या आणि उठून बसल्या.

डोळा वाचला. टाळूचा अर्धा भाग गेला. सलाईनमधून बुरशीचं औषध चढायला लागलं की थंडीनं खाट हलायची. प्यालेलं पाणी नाकातून बाहेर यायचं. पुढे दातांच्या डॉक्टरांनी भोक झाकायला कवळीसारखी पट्टी करून दिली.

पुढच्या नवरात्रात काकूंनी सुई घेतली, मग फराळ केला आणि आरतीला उभ्या राहिल्या. पहिल्याच ओळीला मागून कोणीतरी फिसकन हसलं. काकू थांबल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी त्या गेल्या, हृदयविकारानं. त्यानंतरच्या नवरात्रात मी गावी होते. सुनेनं सूर धरला, चांगला धरला. तेवढ्यात नक्कल करणाऱ्या पोरांतला एक, आता स्वतः बाप झालेला, डोळे मिटून नाकातून म्हणू लागला. अगदी बराबर. कोणी हसलं नाही.