गुरुवारचं घर

राज्य बदललं तेव्हा मलकापूरचे मामा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर मध्य प्रदेशात राहिलो. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जाऊ लागले. वडील कचेरीत कारकून. संध्याकाळी राजपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर बसून ते हिंदी टिपणं लिहायचा सराव करत आणि मधूनच माझ्याकडे रागाने बघत. नेपानगरच्या कागद कारखान्यात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि मला शाहपूरला जाऊन केळीच्या बागांतल्या मजूर बायकांसाठी काम करायचं होतं.

"काम म्हणजे काय?" वडील विचारायचे.

बागेतल्या विहिरीला त्या बायकांनी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. गडी वरून ओंजळीत पाणी ओतायचा, तेही त्याला सवड असेल तेव्हा. दुपारच्या उन्हात घड वाहणाऱ्या बाईने तोवर तोंड वासून थांबायचं. मला ते बंद करायचं होतं.

"आणि खाशील काय?"

"वार लावीन," मी म्हणालो. रोज एका घरी जेवायचं, आठवड्याची सात घरं. वडील स्वतः लहानपणी असेच शिकले होते, म्हणून मला वाटलं ते विरघळतील. ते उलट चिडले. "वार लावून शिकता येतं. भांडता येत नाही," ते म्हणाले. "एक वर्ष देतो. नाही जमलं तर मुकाट्याने नेपानगर."

शाहपूरला एक खोली घेतली आणि पंधरवड्यात सात घरं मिळाली. बोलायला मी गोड होतो आणि तेव्हा खादीला मान होता. दिवस खरंच सुखाचे होते. सोमवारी वैद्यांकडची कढी, बुधवारी मास्तरांकडची खिचडी. सगळ्यांत तोलामोलाचा गुरुवार. तो एका बागाईतदार काकांकडे असायचा. काका सुधारक विचारांचे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे. त्यांच्याकडच्या शिकरणाची चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू.

विहीर मात्र त्यांचीच होती.

मी बायकांची बैठक घेतली. बातमी पोचलीच. त्या गुरुवारी काका स्वतः वाढायला आले. "विहिरीचा विषय तेवढा सोडा," ते प्रेमाने म्हणाले. "बाकी काहीही करा." मी म्हणालो, बाकी काही नाहीच आहे, काका. त्यांनी मान डोलावली आणि शिकरण वाढलं.

पुढच्या गुरुवारी काकू दारातच उभ्या. "आज आमच्याकडे सगळ्यांचा उपास आहे हो." आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. शुक्रवारचं घर काकांच्या साडूचं, तिथेही उपास. शनिवारीही तेच. शाहपुरात उपासांची साथच आली म्हणायची. रविवारी सकाळी मी खोलीवर ट्रंक उघडून कपडे भरायला लागलो. नेपानगर डोळ्यांपुढे दिसत होतं. वडील खरे ठरले होते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

तेवढ्यात मावशी दारात आल्या. बायकांच्या टोळीच्या त्या म्होरक्या. ट्रंकेकडे बघून त्यांनी विचारलं, "काल कुठं जेवले भाऊ?"

"भूक नव्हती."

"परवा बी नव्हती?" त्या उंबऱ्यावर बसल्या. "सात वार लावले तुम्ही. आमच्या गल्लीत एक बी नाही लावला. आम्हाले विचारलं असतं तर आम्ही काय मना करणार होतो?"

त्यांच्या गल्लीत वार मागावा, हे मला कधी सुचलंच नव्हतं, ही गंमत.

"गुरुवार आमचा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवारी गल्लीतल्या प्रत्येक दारात माणसं उभी होती. मी जेवतो की नाही हे कुणी बघत नव्हतं. पाणी पितो का, ते बघत होते. मी आधी तांब्या तोंडाला लावला. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कच्च्या केळीची भाजी. जेवण झाल्यावर बायका बोलायला लागल्या. बैठकीत चकार शब्द न काढणाऱ्या बायका एकमेकींचं बोलणं तोडून बोलत होत्या. विहिरीवर कधी जायचं, कसं, आधी कोण, हे त्यांनीच ठरवलं.

पुढच्या कापणीला बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर मालगाडीचा डबा लागला होता आणि घडांचा ढीग काकांच्या बागेत उन्हात पडला होता. बायका दोर-बादली घेऊन विहिरीवर गेल्या. "आधी पाणी, मग भरणी," मावशी म्हणाल्या. कापलेली केळी उन्हात थांबत नाहीत. काकांनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा बायकांकडे, आणि ते घरात निघून गेले. बायका पोटभर पाणी प्याल्या, त्यांनी तोंडं धुतली, एकमेकींवर उडवलंसुद्धा.

वर्ष भरलं तेव्हा वडील मला न्यायला आले. नेमका गुरुवार. मी भीतभीतच त्यांना गल्लीत नेलं. मावशींनी दोन ताटं मांडली. वडील ताटाकडे बघत बसले. मग तांब्या उचलून पाणी प्याले. भाकरी संपली तसं मावशींनी विचारलं, "आजून एक वाढू ना, दादा?" वडिलांनी ताट पुढे केलं.

"मी सात घरी जेवून शिकलो," परतताना ते म्हणाले. "अजून वाढू का, असं एकाही घरात कुणी विचारलं नाही." ते थांबून माझ्याकडे वळले. "नेपानगरला नाही म्हणून कळवतो. पण तू इथली सकाळची शाळा धर. जन्मभर हे करायचं तर तुलाही कुणाला वाढता आलं पाहिजे."

शाळा धरली, ती निवृत्तीपर्यंत. दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ कामाचा. चूल मांडली आणि सोमवार माझ्याकडे ठरला. मी पिठलं करायचो, आणि मावशी दर सोमवारी त्याला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायच्या.