टेबलावरची पुस्तकं

चांगल्या सवयींविरुद्ध उघड युद्ध पुकारलेला माणूस अख्ख्या मस्कतमध्ये एकच, आणि तो नेमका रुवी भागात आमच्या समोरच्या घरात राहायचा. हे शेजारचे काका एका कॉलेजात ग्रंथपाल होते. घरी चप्पल वाकडी पडली तरी अस्वस्थ व्हायचे. काकूंच्या मसाल्याच्या डब्यांनासुद्धा त्यांनी नंबर घातले होते. गाडी मात्र जन्मात शिकले नाहीत. त्यामुळे अल् खुवैरला ऑफिसात जाताना मी त्यांना कॉलेजपाशी सोडायचो आणि वाटेत रोज एक भाषण ऐकायचो.

भाषणाचा विषय ठरलेला. छापील इंग्रजी पुस्तकं मुलं वाचत नाहीत, असं डीनसाहेबांचं मत झालं होतं. ज्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेचा ताजा शिक्का नसेल ते बाद, आणि रिकाम्या जागेत कॉम्प्युटर. "अहो, वाचतात!" काका माझ्या डॅशबोर्डवर थाप मारत. "घरी नेत नाहीत इतकंच. तिथेच बसून वाचतात, मोबाइलवर पानांचे फोटो काढतात आणि ही गुणी बाळं पुस्तक उचलून कपाटात ठेवतात. शिक्का मारू कुठे? कपाळावर?"

खरी गोम तिथेच होती. टेबलावर राहिलेलं पुस्तक वापरलेलं धरून शिक्का मारायची मुभा होती, पण ओमानी मुलांना वळण असं चोख, की टेबलावर काही उरायचंच नाही. मग काकांनी बेशिस्तीचे धडे सुरू केले. विसरलेला डबा द्यायला मी एकदा आत गेलो, तर एक मुलगी पुस्तक घेऊन कपाटाकडे निघालेली आणि काका तिच्यापुढे हात पसरून उभे. "नो, नो! टेबलपे छोडो! लीव्ह इट! खलास!"

ती कावरीबावरी झाली. "सर, माय मदर विल बी अँग्री."

"टेल हर, लायब्ररियन इज मोर अँग्री!"

पाहणीच्या दिवशी डीनसाहेब आले तेव्हा एकही टेबल मोकळं नव्हतं. "व्हॉट इज धिस मेस?" काकांनी छाती काढून सांगितलं, "रीडिंग, सर." निम्मी कपाटं तरीही गेलीच. उरलेली निम्मी त्या पसाऱ्याने वाचवली, असं मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन चिपळूणला गेले. डॅशबोर्डवर आता कुणी थापा मारत नाही, आणि मला ते मुळीच आवडत नाही. परवा उगाच गाडी कॉलेजकडे वळवली आणि ग्रंथालयात शिरलो. नवे ग्रंथपाल जेवायला गेले होते. एक मुलगा टेबलावर पुस्तक तसंच सोडून निघाला. मी विचारलं, "कपाटात नाही ठेवायचं?"

"नो सर. ओल्ड सर गेट्स अँग्री."

मी शेवटचं पान उघडलं. काकांचे शिक्के ओळीने सरळ, आणि त्यांच्याखाली बरीच कोरी जागा. मी पुस्तक मिटलं आणि टेबलाच्या अगदी मधोमध, नव्या ग्रंथपालांना दिसेल असं ठेवलं.