अर्धा कोयता आणि छातीवरची खूण

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं ऊस तोडायचं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळीत माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटी बाई किंवा एकटा गडी असला की त्याला म्हणायचं अर्धा कोयता. मी सहावीत असताना वडिलांनी दुसरीकडे संसार मांडला आणि आई अर्धा कोयता झाली. वडिलांना मात्र कुणी अर्धं म्हटलं नाही. ते तिकडे जाऊन पुन्हा पूर्ण झाले होते.

पुढची काही वर्षं आई माझ्या मामाबरोबर तोडीला जायची. बहीण-भाऊ म्हटल्यावर कुणाला बोलायला जागा नव्हती. मी बीडला वसतिगृहात राहून इंग्रजीचं एम. ए. करत होते, ते साल दुष्काळाचं निघालं. प्यायला टँकर, आणि आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याला ऊसच नाही म्हणून त्याचा बॉयलर पेटलाच नाही. टोळ्यांना पार पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जायचं होतं. त्यातच मामाची कंबर धरली. शेवटी आईनं वस्तीवरच्याच एका काकांबरोबर नाव दिलं. काकांची बायको दोन वर्षांमागं वारली होती, म्हणजे तेही अर्धाच कोयता. मुकादम म्हणाला, "झाला एक कोयता." वस्ती म्हणाली, बघा, काय काय जुळतंय.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा टँकरच्या रांगेत हे माझ्या कानावर आलं. मला राग यायला वेळ लागत नाही. आमच्या घरात धार काही एकट्या कोयत्यालाच नव्हती. घरी येऊन मी हंडा आपटला आणि आईला विचारलं, "लोक काय म्हणतात, कळतं का तुला?"

"लोकं काय टँकर घेऊन येत्यात का माझ्यासाठी?" आई म्हणाली. "सोमवारी गाडी निघायची हाय. त्यांचे दोन हात, माझे दोन हात. बाकी काय हाय त्यात?"

"लाज वाटत नाही तुला?"

हे मी माझ्या आईला म्हणाले. मग वाढलेल्या ताटावरून उठले आणि न जेवता बीडची एसटी धरली.

आता गंमत ऐका. वसतिगृहात जाऊन मी काय केलं, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कादंबरीवर निबंध लिहिला. त्यात नेमधर्माचं एक कडक गाव एका बाईला तिच्या पापाची खूण छातीवर वागवायला लावतं. आमच्या गाईडात त्या काळच्या कथा-कादंबऱ्यांतल्या प्रतीकांची यादीच दिली होती. जंगल म्हणजे मोह, ऊन म्हणजे सत्य, काळं म्हणजे पाप. पाठ करा आणि पास व्हा. मला ते पटेना. मी लिहिलं की त्या खुणेला स्वतःचा असा अर्थच नाही. गाव लावतं तेव्हा ती पापाची असते. बाई वर्षानुवर्षं राबते, आजाऱ्यांच्या उशाशी बसते, तसा त्याच खुणेचा अर्थ पालटत जातो. तिच्या पापातला भागीदार बिनखुणेचा हिंडतो, कारण खूण कुणाला लावायची हे गाव ठरवतं, आणि लेखक दोष देतो तो या ठरवणाऱ्यांना. लिहिताना त्या बाईसाठी मी खरोखर रडले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सोमवारी सकाळी मॅडमनी तो निबंध मला वर्गात वाचायला लावला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "छान. गावाला चांगलं झोडपलंस. पण तू त्या गावात असतीस तर कुठं उभी असतीस?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मला टँकरची रांग दिसली आणि त्या रांगेत हंडा घेतलेली मी दिसले. तास संपायच्या आत वही उचलली आणि स्टँड गाठला. आईची गाडी आजच निघणार होती आणि आमच्याकडच्या गाड्या वाटेत मांजरसुंब्याला चहाला थांबतात, एवढं मला ठाऊक होतं. चुकामूक झाली असती तर आई सहा महिने भेटणार नव्हती, आणि माझं ते वाक्य सहा महिने तिच्याबरोबर फडात राहिलं असतं.

ढाब्यासमोर चार ट्रक उभे होते. वर भांडी, पत्रे, शेळ्या, लेकरं. तिसऱ्या ट्रकच्या फाळक्याशी आई बसलेली दिसली. मला बघून तिचा चेहरा उतरला. "काय झालं गं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," मी म्हणाले. मी आपली तिच्या मांडीवरच्या कोयत्याकडे बघत राहिले. त्याच्या मुठीला माझ्या शाळेतल्या लाल रिबिनी गुंडाळल्या होत्या, एकावर एक, घट्ट.

"हे कावून गुंडाळलंस?" प्रतीकांचं खूळ डोक्यातून गेलं नव्हतं. मला वाटलं, ती लेकीची आठवण वगैरे म्हणेल.

"घामानं मूठ सटकती," आई म्हणाली. "आन् टाकवत बी नव्हत्या."

काकांनी दोन कप चहा आणून फाळक्यावर ठेवला आणि पुढच्या टायरपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. इतकी अदब मी एम. ए.च्या वर्गातही बघितली नव्हती.

"आई, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

ती सावकाश चहा पीत राहिली. "इचारायचं होतंस," ती म्हणाली. "तू इचारलं न्हाईस, तू बोललीस." आणि रिकामा कप फाळक्यावर ठेवत, "उपाशी गेलतीस त्या दिवशी."

तेवढ्यात मुकादम माणसं चढली का बघत आला. "नऊ कोयते झाले. धावा कोणता?"

"धावा कुठला, मुकादम?" मागून कुणीतरी म्हणालं. "दोन अर्धे हायत ते."

ट्रकभर हशा पिकला. काकांनी मान खाली घातली. आई रिबिनीचं टोक उगाच आवळत बसली.

"दहावा माझ्या आईचा कोयता आहे," मी म्हणाले. पार ढाब्यातली माणसं वळून बघायला लागली. "पूर्ण आहे. मोजा."

हसणं थांबलं. मुकादमानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, "धा" म्हणाला आणि केबिनमध्ये चढला. काका मागं येऊन आईच्या शेजारच्या गाठोड्यावर बसले.

गाडी सुरू झाली तशी आईनं वाकून दोन्ही कप माझ्या हातात दिले.

"लई मोठ्यानं बोलतीस," ती म्हणाली. "उद्या पोरांना शिकवायचंय तुला. घसा जपून ठेव."